ब्रेलची ती पाच गाणी कपाटातच राहायला हवी होती

खारवारा (धागाकर्ती):
बेल्जियन गायक-गीतकार झाक ब्रेलच्या १९७७च्या शेवटच्या अल्बमवर इथे बरेच जण फिदा आहेत, मीही आहे. मुखपृष्ठावर निळं आभाळ, ढग आणि फक्त त्याचं आडनाव. 'ले मार्कीझ' हे नाव शेवटच्या गाण्यावरून नंतर रूढ झालं. १९७४मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला हा माणूस पॅसिफिकमधल्या हिव्हा ओआ बेटावरून पॅरिसला येतो, गातो आणि बारा गाणी निवडतो. पाच बाजूला ठेवतो: अजून पुरी झालेली नाहीत, बाहेर काढू नका. पुढच्याच वर्षी, ९ ऑक्टोबर १९७८ला तो गेला. २००३मध्ये पंचविसाव्या स्मृतिवर्षाचं निमित्त साधून घरच्यांच्या संमतीने ती पाचही 'अँफिनिमाँ' या संग्रहात घातली गेली. माझ्या मते हे चूक झालं. गाणाऱ्याने नाही म्हटलं की विषय संपला.

तिसरी घंटा:
संपला कसा? 'ला कातेद्राल' ऐकलंय ना? एक अख्खं कॅथेड्रल घ्या, त्याला डोलकाठ्या बसवा, शिडं चढवा आणि समुद्रात लोटा! 'आस्कोय' नावाची अवजड शिडाची बोट घेऊन १९७४मध्ये अँटवर्पहून निघालेला माणूस हे गातोय. हे कपाटात, आणि 'ले राँपार द व्हार्सोव्ही'सारखं मादामच्या नावाने बोटं मोडणारं गाणं अल्बममध्ये? कमाल आहे.

खारवारा:
निवड फसली असेल, पण त्याची आहे. सुरुवातीला 'झोरेस': पंधराव्या वर्षीच झिजून गेलेले कामगार आजोबा, साथीला अकॉर्डियन. शेवटी ते बेट, जिथे कण्हत बसायची रीत नाही. यात अजून पाच कुठे कोंबणार?

कडूनिंब:
त्याच्या 'नाही'ला तो जिवंत असताना तरी कोणी विचारलं? जाहिरात नको म्हणाला होता. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक एडी बार्कले, त्याने काय केलं? पत्रकारांकडे अल्बमच्या कुलूपबंद पेट्या धाडल्या आणि कुलपाचे आकडे सगळ्यांना एकदम कळवले. जाहिरात नाही म्हणायचं आणि ही नौटंकी! आगाऊ मागणी दहा लाखांच्या घरात गेली. आधी अल्बम विकला गेला, मग ऐकला गेला. तुमच्या त्या बारांतही दोनतीन मला भरताडच वाटतात.

तिसरी घंटा:
'ओर्ली'ला भरताड म्हणालात तर भांडण. विमानतळावर ताटातूट होणारी ती दोघं, आणि पाहणारा नुसता पाहतोय.

कडूनिंब:
'ओर्ली' नाही हो. 'ल लियाँ' म्हणतोय. आणि 'ले एफ...'मध्ये फ्लेमिश (बेल्जियममधल्या डचभाषक) राष्ट्रवाद्यांना घातलेल्या शिव्या. बेल्जियममध्ये गदारोळ उठला, पण गाणं म्हणून त्यात काय उरतं?

खारवारा:
मूळ मुद्द्यावर या. अभ्यासकांसाठी वेगळी तबकडी काढून त्यावर ठसठशीत 'अपुरी गाणी' छापलं असतं, तर मी इतकी चिडले नसते. गाजलेल्या गाण्यांच्या पंगतीत बसवली, म्हणून राग.

तिसरी घंटा:
म्हणजे हरकत गाण्यांना नाही, लेबलला आहे. मग एवढा धागा कशाला?

खारवारा:
गाण्यांना हरकत कधीच नव्हती. 'मे ४०' मी स्वतः पुन्हापुन्हा ऐकते. जर्मन फौजा येतात तेव्हा हा अकरा वर्षांचा पोर, अंगावर काटा येतो. पण माझ्या अंगावर काटा आला म्हणून घरच्यांना ती परवानगी द्यायचा हक्क मिळत नाही.