उकडलेल्या मुगाच्या बरणीतही चुन्याची निवळी पांढरी झाली. मग जिवंत कोण?

मलप्रभाकाठ (प्रश्न)
सहावी, मराठी माध्यम, खानापूर तालुका (बेळगाव). पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन ही सजीवांच्या लक्षणांची यादी फळ्यावर लिहिली की पोरं लगेच उसाचा ट्रॅक्टर पुढे करतात. डिझेल पितो, धूर सोडतो, पळतो. सातातली तीन लक्षणं तर जागेवरच जुळली!

अडचणी तीन आहेत.
एक, श्वसन दाखवायला दोन बरण्या लावल्या, एकीत मोड आलेले मूग आणि दुसरीत उकडलेले. दोन्हींत चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली, श्वसनात निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं ती पांढरी होते. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे निवळी पांढरी, तिसऱ्या दिवशी उकडलेल्याकडे तर साय जास्तच जाड.
दोन, डब्यातली सुकी मसूर जिवंत की मेलेली?
तीन, त्या ट्रॅक्टरचं काय करायचं?

जांभा_आणि_शेवाळ
बाई, प्रयोग फसलेला नाही, वेळ फसली आहे. मूग उकडल्यावर मेले, पण बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, उकळत्या पाण्यातही तगतात. शिवाय बरणीतून, हातावरून नवे जिवाणू येतात ते वेगळेच. शिजलेलं कडधान्य म्हणजे त्यांना आयतं जेवण. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून वास घ्या, आंबूस असेल आणि दाणे बुळबुळीत झाले असतील. तुमच्या निवळीनं श्वसनच दाखवलं, फक्त मुगाचं नाही.

असं लावा:
५० ग्रॅम मूग ८–१० तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात बांधा, मोड अर्धा सेंटीमीटर होऊ द्या. त्यातले निम्मे १५–२० मिनिटं उकडून पूर्ण थंड करा. गरम टाकू नका, वाफ निवळीत उतरते. अर्ध्या लिटरच्या तीन बरण्या उकळत्या पाण्यानं धुवून घ्या. पहिलीत जिवंत मूग, दुसरीत उकडलेले, तिसरीत तेवढ्याच आकारमानाच्या काचेच्या गोट्या. ही तिसरी बरणी लोक हमखास गाळतात, आणि तिच्यावाचून निकालाला अर्थ नाही. बरणीतल्या साध्या हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच, निवळी तेवढ्यानंही किंचित धुरकट होते. ती किती होते हे गोट्या सांगतात.

प्रत्येक बरणीत खोकल्याच्या औषधाच्या टोपणात ५ मिलिलिटर निवळी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. सकाळी प्रार्थनेआधी लावलंत तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत फरक दिसतो. त्याच दिवशी बघायचं आणि मोडायचं. रात्रभर ठेवायचं नाही.

निवळीसाठी पानाचा साधा चुना घ्या, सुगंधी नको. पाणी उकळून झाकून थंड करा, म्हणजे त्यात विरघळलेला वायू निघून जातो. लिटरला एक चमचा चुना पुरे. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. रात्रभर न हलवता ठेवा, वरचं पाणी गाळून गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत बंद करा. अर्धी बाटली ठेवलीत तर आतल्या हवेनंच ती गढूळ होईल. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, गेलाच तर भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

पोरं नळीनं निवळीत फुंकर मारतील. मारू देत, पण आत ओढायचं नाही हे आधी बजावा. फार वेळ फुंकलं तर पांढरी झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. तेव्हा "बिघडलं" म्हणून ओतून देऊ नका.

घटप्रभा_डावा_कालवा
वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. डिसेंबरच्या गार सकाळी सुट्टीपर्यंत फरक दिसेलच असं नाही. तापमान १० अंशांनी उतरलं की श्वसनाचा वेग साधारण निम्मा होतो. बरण्या कोमट जागी ठेवा, पण तिन्ही एकाच जागी.

आणि मुगाऐवजी कुंडीतलं रोप ठेवायचा मोह टाळा. उजेडात ते प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, निवळी तशीच राहते आणि वर्ग "झाड श्वसन करत नाही" असं लिहून मोकळा होतो. रोपच हवं असेल तर बरणी काळ्या कापडात गुंडाळा.

शब्दाचाही घोळ बघा. कन्नड घरातली पोरं श्वसनाला "उसिराट" म्हणतात, म्हणजे डोळ्यासमोर नाक आणि छाती येते. आपल्या पोरांचंही "श्वास" ऐकून तेच होतं. नाकानं हवा घेणं हा श्वासोच्छ्वास, पेशीत अन्नातून ऊर्जा सोडवणं हे श्वसन. मुगाला नाक नाही, पेशी आहेत.

सुकी मसूर: जिवंत आहे, पण सुप्त. दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे चयापचय इतका मंद चालतो की तुमची निवळी तो पकडू शकत नाही. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली, सुमारे २००० वर्षांची खजुराची बी २००५ मध्ये रुजली. जिवंत की मेलेली हे नुसतं बघून ठरत नाही, रुजवून ठरतं, आणि ही चाचणी पोरांच्या घरी पेरणीआधी होतेच. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठव्या दिवशी धड कोंब मोजायचे. प्रमाणित बियाण्याला किमान ७० लागतात. मोजणारं पोरगं "उरलेले तीस मेले होते" असं आपणहून म्हणतं, सांगावं लागत नाही. मसूरही अशीच मांडा. फक्त पॉलिश केलेली डाळ घेऊ नका, ती दुभंगलेली असते आणि अंकुर निघून गेलेला असतो.

मलप्रभाकाठ
तिसरी गोट्यांची बरणी खरंच लावली नव्हती. ट्रॅक्टर राहिला, सर.

निपाणीकर_पान
ट्रॅक्टरला एकच प्रश्न विचारा: डिझेल पिऊन तुझं चाक मोठं झालं का? घासलेला टायर आपोआप भरला का? सजीवाचं अन्न नुसतं जळत नाही, त्यातून त्याचं अंगही बांधलं जातं. हे मशीनला जमत नाही. जाळ तर ट्रॅक्टरच्याही पुढे: ऑक्सिजन घेतो, पसरतो, एकाचे दोन होतात. पण त्याला पेशी नाही, आणि "आईसारखं पिल्लू" असं काही पुढे जात नाही. तो जे जळतं तसा जळतो.

उलट बाजूही सांगा. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. घोड्याची ६४ गुणसूत्रं आणि गाढवाची ६२, म्हणून खेचराची ६३, जोड्या नीट जमत नाहीत. म्हणून खेचर निर्जीव ठरत नाही. एका लक्षणावर निकाल द्यायचाच नाही.

आमच्याकडच्या पोरांना तंबाखूचा मोझॅक रोग जवळचा. पानावर गडद-फिकट हिरव्या चट्ट्यांची नक्षी, कडा सुरकुतलेल्या. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्कीनं रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला, तरी रोग झालाच, कारण तो करणारा जिवाणूहून लहान, म्हणजे विषाणू होता. १९३५ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्लीनं त्या विषाणूचे स्फटिक केले, मिठासारखे बरणीत ठेवण्याजोगे. पेशीबाहेर ना पोषण, ना श्वसन, ना वाढ. पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. सहावीला "सीमेवरचा" एवढंच सांगा, आपल्या भागातल्या पोरांना सीमेवरचं म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही.

हा विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. विडीची तंबाखू हाताळून तसेच टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावले की रोग तिकडे जातो. शाळेच्या परसबागेत रोपं लावणार असाल तर आधी साबणानं हात धुवायला लावा.

जांभा_आणि_शेवाळ
वाढीसाठीही एक करून बघा, कारण तुरटीचा खडाही "वाढतो". भिजवलेल्या हरभऱ्याचं सरळ, दोनेक सेंटीमीटरचं मूळ घ्या. दोरा शाईत बुडवून टोकापासून एक-एक मिलिमीटरवर दहा रेघा काढा. ओल्या कापसाच्या बरणीत टोक खाली करून ठेवा. २४ तासांनी टोकाच्या जरा मागच्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या असतात, दाण्याजवळच्या जिथल्या तिथे. तुरटीवर थर बाहेरून बसतो, मूळ आतून ताणतं. शाई वॉटरप्रूफ नसेल तर रेघा कापसात उतरतात आणि हाती काही लागत नाही. मूळ रेघा काढण्याआधी टिपकागदानं हलकं टिपून घ्या, पण सुकू देऊ नका, सुकलं की टोक मरतं.