मदत हवी आहे: रक्त चढवताना सही नवऱ्याची, मला कोणी विचारलंच नाही

नमस्कार मंडळी,

वय ४३. फायब्रॉइडच्या गाठी आहेत, वर्षभर अंगावरून खूप जातंय. मागच्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४ आलं. डॉक्टर म्हणाले गर्भपिशवी काढावी लागेल, त्याआधी रक्त भरू, आणि लगेच ॲडमिट करून घेतलं.

मी पूर्ण शुद्धीत, बेडवर बसून चहा पीत होते. तेवढ्यात सिस्टर पिशवी घेऊन आल्या आणि लावायला लागल्या. मी विचारलं कसलं रक्त, किती पिशव्या, तर म्हणाल्या "ताई, सगळ्यांनाच लावतो, साहेबांनी सही केलीय." साहेब म्हणजे माझे मिस्टर, खाली काउंटरवर. फॉर्म सगळा इंग्रजीत, त्यांनी न वाचताच सही केली, त्यांना मी दोष देत नाही, घाबरले होते ते.

अर्ध्या तासात मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घेतल्या तरी थांबेना. रक्त बंद केलं, इंजेक्शन दिलं, बरं वाटलं. पण डिस्चार्ज कार्डावर रिॲक्शनचा एक शब्द नाही! पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना कळणार कसं?

माझी एक मैत्रीण रक्तपेढीत टेक्निशियन आहे. तिच्याकडून कळलं ते असं, की एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतातच, त्यामुळे रक्ताला उगाच भिऊ नकोस. पण रिॲक्शन आली की पिशवी फॉर्मसकट रक्तपेढीला परत पाठवायची असते. तिचं म्हणणं, रक्तस्राव आटोक्यात असेल आणि हार्टचा त्रास नसेल तर साधारण ७ च्या खाली गेल्यावरच रक्ताचा विचार करतात, आणि ऑपरेशनला महिना असेल तर सलाईनमधून आयर्न देता येतं, दोन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

तिनेच समीरा कोहली खटल्याचं सांगितलं, सुप्रीम कोर्ट, २००८. पेशंट भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भपिशवी काढली होती. कोर्टाने म्हटलं, पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, मग दुसऱ्याची संमती चालणार नाही. उपचार कशासाठी, धोके काय, पर्याय काय, नाही केलं तर काय होईल, हे पेशंटलाच सांगायला हवं. वाचून मी रडले खरं सांगते.

मी रक्ताच्या विरोधात अजिबात नाही. ऑपरेशनमध्ये खूप रक्त गेलं तर जरूर द्या, ते मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे. फक्त मला विचारून.

आता ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, आणि सोमवारी सर्जनना भेटायचंय. कोणी अशातून गेलंय का? आयर्नचं सलाईन घेतलेल्यांनी किती दिवसांत फरक पडला ते सांगा. फॉर्म मराठीत मागितला तर देतात का? आणि झालेल्या रिॲक्शनची नोंद आता मागून करून घेता येते का, अर्ज कोणाच्या नावे करायचा? सासूबाई म्हणतात डॉक्टरांना उलट विचारलं की ते नीट बघत नाहीत, म्हणून कसं बोलायचं तेही कोणीतरी सांगा. रविवारपर्यंत कळवलंत तर फार बरं होईल.