शब्दचर्चा : 'ब्रँड ॲम्बेसेडर'ला मराठीत काय म्हणावे?

म्हापशाहून प्रश्न : सरकारी योजनेच्या जाहिरातीत नट किंवा क्रिकेटपटू दिसला, की खात्याच्या प्रसिद्धिपत्रकात तो 'ब्रँड ॲम्बेसेडर' असतो आणि बातमीत त्याचा 'सदिच्छादूत' होतो. हे बरोबर आहे का?

मुद्रितशोधक, फोंडा : सरसकट नाही. सदिच्छादूत हा शब्द युनिसेफसारख्या संस्थांसाठी ठेवावा. सचिन तेंडुलकर २०१३मध्ये युनिसेफचा दक्षिण आशियासाठीचा सदिच्छादूत झाला, तिथे तो चपखल बसतो. खात्याने नेमलेला असेल तर 'प्रसारदूत' लिहा. 'प्रचारदूत' मात्र नको. प्रचार म्हटला की आपल्याकडे थेट कोपरा बैठकाच आठवतात.

पण त्याआधी करार कुणाशी झालाय ते पाहा. 'अतिथी देवो भव' मोहिमेतून आमिर खानला 'हटवले' असे मथळे जानेवारी २०१६मध्ये आले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे म्हणणे वेगळे होते: करार जाहिरात संस्थेशी होता आणि त्याची मुदत संपली होती. म्हणजे नेमणूकच नव्हती, मग हटवणार कुणाला? अशा वेळी 'जाहिरातीतील कलाकार' एवढेच पुरे.

डिचोली : स्वच्छ भारतचे काय? २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी जी नऊ नावे घेतली, त्यांत गोव्याच्या तत्कालीन राज्यपाल मृदुला सिन्हाही होत्या.

मुद्रितशोधक, फोंडा : त्या नऊ जणांनी झाडू घ्यायचा आणि प्रत्येकाने आणखी नऊ जणांना बोलवायचे, असे ते आवाहन होते. म्हणून 'निमंत्रित'. राज्यपालांना ब्रँड ॲम्बेसेडर म्हणणे तर पदालाही शोभत नाही.

मडगाव : आणि क्रियापद? 'एन्डॉर्स केले' वाचवत नाही.

मुद्रितशोधक, फोंडा : 'पुरस्कार केला' हे जुने आणि नेमके, पण मथळ्यात अभिनेत्याच्या शेजारी 'पुरस्कार' आला की वाचकाला बक्षीसच दिसते. 'भलावण' आणि 'तळी उचलणे' यांत टोमणा आहे. ते अग्रलेखात शोभतील, बातमीत नाहीत. 'पृष्ठांकन' धनादेशाच्या पाठीवरच राहू दे. साधे 'योजनेची जाहिरात केली' लिहा. मानधन घेतले असेल तर तेही लिहा, नाहीतर वाचक ते त्याचे स्वतःचे मत समजतो.

म्हापसा : आणि मतदारजागृतीसाठी निवडणूक आयोग नेमतो तो 'आयकॉन'?

मुद्रितशोधक, फोंडा : तसाच ठेवा, ते आयोगाचे अधिकृत नाव आहे. त्याला पक्षीय रंग चालत नाही. पडद्यावर वाजपेयी साकारल्यामुळे पंकज त्रिपाठी जानेवारी २०२४मध्ये या जबाबदारीतून बाजूला झाले. तिथेही क्रियापद 'बाजूला झाले', 'हकालपट्टी' नव्हे.