राखेचं पोतं कन्हानमध्ये कशाला?

मानेवाडेकर : तिसऱ्या दिवशी घाटावर राख सावडतात. दूध-पाणी शिंपडून घरचे अस्थी वेचतात, मडक्यात भरतात, वर लाल फडकं बांधतात. इथपर्यंत ठीक. उरलेली राख मात्र खताच्या पोत्यात भरून कन्हान नदीवर नेतात आणि पुष्कळदा पोत्यासकट सोडून देतात. सोबत हार, अर्धवट जळलेली लाकडं, गेलेल्या माणसाचे कपडे. हीच कन्हान नागपूरला पिण्याचं पाणी देते! अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात शिरवा, आंभोऱ्याला वैनगंगेत शिरवा, नाहीतर प्रयागला न्या. राखेचं पोतं तेवढं नदीत नको. शेतात खड्डा करून मातीत मिसळा, वर झाड लावा.

गोकुळपेठची काकू : भाऊ, ती राख म्हणजेही माझी आईच आहे. कोणाच्या पायदळी येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडतात. आज शेत आहे, उद्या तिथे ले-आऊट पडला, कोणी संडास बांधला, तर? अख्ख्या शहराची घाण नाग नदीतून पुढे कन्हानलाच मिळते. ती आधी थांबवा, मग आमच्या दुःखात नियम सांगायला या.

इंदोऱ्याचा : दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. लाखो लोक तिथे माथा टेकतात. पाण्यात सोडलं नाही म्हणून मान कमी होत नाही. नेहरूंनी तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की मूठभर राख प्रयागला गंगेत सोडा आणि बाकीची विमानातून शेतांवर टाका. १९६४ साली तसंच झालं. पायदळीचा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्या मातीत राबणाऱ्यांचे पाय त्यांना परके नव्हते.

लेक_सिंगापूरची : बाबा इकडेच गेले. अस्थी मी विमानाने नागपूरला आणल्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय उच्चायुक्तालयाचं पत्र जवळ ठेवलं. कलश तांब्याचा घेऊ नका, एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही आणि तपासणीत अडकतो. लाकडी डबा घ्या, झाकण पक्कं बसवा, हातातल्या बॅगेतच ठेवा. काकू, तुमच्यासाठी एक सांगते. इथे लाकडाच्या चितेशिवाय दहन होतं, म्हणून हाती आलं ते जवळजवळ सगळं बाबांचंच होतं. मोठ्या माणसाचं एवढंच उरतं, दोन-तीन किलो. आपल्याकडे चितेला तीनशे किलोच्या वर लाकूड लागतं. पोत्यात जे असतं ते बहुतेक त्या लाकडाचं.

मानेवाडेकर : हेच म्हणतो मी. आई मडक्यात आहे, काकू. पोत्यात नाही.

गोकुळपेठची काकू : लाकडाची असली तरी तिच्यासोबत जळली ना? वेगळी कशी काढू? मात्र पोतं, प्लास्टिक आणि कपडे नदीत नकोत, हे मला पटलं. गणपतीसाठी महापालिका टाक्या ठेवते, तसं प्रत्येक घाटावर राखेसाठी भिंतीआड कुंड बांधा. कुंड भरलं की राख तिथल्याच झाडांना घाला, प्लॉटवर जाऊ देऊ नका. असं कुंड झालं तर पहिली मी येईन. तोवर राख कन्हानमध्येच सोडणार.

इंदोऱ्याचा : कुंडासाठी अर्ज लिहितो. काकू, पहिली सही तुमची हवी.