लिफ्ट आणि मोठे एमटी आधी, की कंपनी साइजचे एटी?

लो_रेंज:
फोर बाय फोर घेतली की लोक लिफ्ट किट (गाडीची बॉडी उंच करायचं), ३३ इंची एमटी (मड टेरेन, चिखलाचे टायर), स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारा पाइप) सगळं एकदम लावून मोकळे होतात. माझं सरळ म्हणणं आहे, आधी कंपनी साइजचेच चांगले एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हीचे टायर) टाका, सोबत प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर घ्या, बाकी सगळं नंतर. खडकाळ वाटेवर हवा ३५ वरून २० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणली की टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, टायर दगडावर बसतो, गाडी उड्या मारायची थांबते, हा फरक कुठल्याही लिफ्टने पडत नाही. फक्त तेवढ्या हवेवर हळू चालवायची, स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं नाही नाहीतर टायर रिमवरून निसटतो, आणि डांबर लागलं की परत भरायची.

चिखलवाट:
अर्धंच पटलं. चिकणमातीत एटीच्या खाचा लगेच भरतात, मग तो गोटा टायरच झाला, हवा कितीही सोडा. एमटीचे ब्लॉक लांब लांब असतात म्हणून चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. आणि दुसरं, सॉलिड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत लिफ्टने बॉडी वर जाते पण डिफरन्शियलचा (डिफ, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा) गोळा तिथेच राहतो, त्याच्याखाली जागा हवी तर टायरच मोठा लागतो. मग मोठ्या टायरला विरोध कशाला?

लो_रेंज:
डिफचं बरोबर आहे, पण हिशोब करून बघा ना. २६५/७० आर १७ चा व्यास साधारण ८०३ मिमी, २८५/७० आर १७ चा ८३१. वाढले २८, त्यातले डिफखाली मिळाले निम्मे, म्हणजे १४ मिमी!! आणि त्यासाठी स्पीडोमीटर आधीपेक्षा साधारण ३.४ टक्के कमी दाखवणार, लो रेंजमध्येसुद्धा (हळू पण जास्त ताकदीचे गिअर) क्रॉल करायची, म्हणजे मुंगीच्या चालीने चढायची ताकद कमी होणार, जड चाकाचा ताण ब्रेकवर, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर लायनरला (चाकावरचं आतलं प्लास्टिक) घासायची शक्यता. ओल्या डांबरावर एमटीचं ब्रेकिंग कसं असतं ते तर विचारूच नका, आणि बहुतेकांची गाडी जास्त चालते ती डांबरावरच.

मागचा_लॉकर:
तुम्ही दोघं टायरवरच अडकलात. ॲक्सल तिरका होऊन एक चाक हवेत गेलं की ओपन म्हणजे साध्या डिफमध्ये तेच गरगरतं, जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही, तिथे एटी काय आणि एमटी काय. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी लॉकरच घेईन.

चिखलवाट:
टायरला पकडच नसेल तर लॉकर काय करणार, दोन्ही चाकं मिळून खड्डा खोदतील. आडव्या उतारावर लॉक केलेली मागची बाजू खाली घसरते ते वेगळंच.

लो_रेंज:
लॉकरला माझा विरोध नाही, एटीनंतर तोच. पण त्याआधी पुढे-मागे रेटेड रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायचे, ठरावीक ताकदीचे हुक) बसवा, हे कुणीच बोललं नाही अजून. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) स्ट्रॅप अडकवून झटक्याने ओढू नका प्लीज, बॉल तुटला तर काच फोडून आत येतो, माणसं गेलीत यात.

चिखलवाट:
रिकव्हरी पॉइंटला शंभर टक्के. टायर मात्र माझे एमटीच राहणार, माझी वाट चिकणमातीची आहे. साइज कंपनीचीच ठेवायला हरकत नाही, १४ मिमीचा हिशोब पटला.