डिझेल बुलेटचं अ‍ॅव्हरेज पडलंय, मदत हवी आहे

मामांची डिझेल बुलेट वापरतोय. ३२५ सीसी, आरसी रिन्यू केलेली, विकायची नाही. लिटरला ६५ जायची, आता जेमतेम ४५. टाकी फुल करून तीनदा मोजलंय. रूट तोच, कळवा ते महापे, एकटाच. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन. टायरची हवा बरोबर, ब्रेक घासत नाहीत. दुसऱ्या किकला चालू होते. पण पुलाच्या चढावर काळा धूर. सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं तर काजळी कोरडी, तेलकट नाही, म्हणजे ऑइल जळत नाहीये, म्हणून मला नोझलवर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) संशय आहे. मेकॅनिक मात्र थेट इंजिन खोला म्हणतो (त्याला काय जातंय!). ठाणे-कळव्यात सिंगल सिलिंडरचा नोझल बेंचवर टेस्ट करून देणारं कोणी आहे का? आणि नोझल बदलल्यावर नोझलला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं टायमिंगही पुन्हा लावावं लागतं का?