स्तवनाचं स्तोत्र आणि उदास मन

मन उदास असताना स्तवनाचं स्तोत्र म्हणणं खोटं वाटत नाही का, असा प्रश्न कुणालाही पडू शकतो. मला अशा वेळी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 148वं स्तोत्र फार जवळचं वाटतं. त्यात स्तवन माणसापासून सुरूच होत नाही. आधी देवदूत, सूर्य, चंद्र, तारे. मग खाली समुद्रातले अजस्र जीव, गारा, हिम, धुकं, डोंगर, फळझाडं, सरपटणारे प्राणी, पाखरं. एकूण 14 वचनं, आणि माणसाची पाळी येते ती 11व्या वचनात! तीही राजे, तरुण, म्हातारे, मुलं अशी सगळ्यांची एकत्र. म्हणजे आनंद मी एकट्याने मनातून उपसून काढायचा नाहीये. गाणं आधीच चालू आहे, मी फक्त त्यात सूर मिसळायचा. शिवाय वादळी वाराही तिथे देवाचा शब्द पाळणारा म्हणून येतो, गाण्याबाहेर ठेवलेला नाही. मला सगळ्यात जास्त धीर याच ओळीने दिला आहे.

तरीही जड वाटलं तर आधी 146वं वाचा. तेही स्तवनच आहे, पण त्यात भुकेले, बंदिवान, वाकलेले, अनाथ, विधवा यांची आठवण आहे. त्यानंतर 148वं मोठ्याने, सावकाश म्हणून बघा.